आगामी

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला, चारच्या आत,
पुढच्या महिन्याचा कागद माझ्या टेबलावरून निघतो.
पाच तारीख : भाषाशास्त्र व्याख्यानमाला, पुष्प तिसरे.
(पुष्प म्हणायचं, ही इथली रीत.)
नऊ : परदेशी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा,
येताना आपल्या देशाचा एक पदार्थ आणावा.
बारा : जलतरंग, मुख्य इमारतीच्या हिरवळीवर.
सोळा : निवृत्त प्राध्यापकांचं चहापान.
कोण गेलं ते मला यादीतल्या खाडाखोडीवरून कळतं.
सर्वांना प्रवेश विनामूल्य.
पहिल्या दोन रांगा राखीव,
कुणासाठी, ते एकोणीस वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये एक बुधवार चुकला.
वीसचा सत्तावीस झाला,
झेरॉक्स होऊन ग्रंथालयाच्या, मेसच्या,
औंधकडच्या गेटच्या फळ्यावर लागला.
आणि वीसला, पाच वाजून वीस मिनिटांनी,
डॉ. नरहर उकिडवे रिक्षातून उतरले.
देवरुखहून, रात्रभर एसटीनं आलेले.
हातात बुटांचं खोकं.
खोक्यात दगड.

साडेतीनशे खुर्च्या.
मी, सुरक्षारक्षक गोरोबा, माइक लावणारा तौफिक.
सर, चूक माझी, म्हटलं.
त्यांनी घड्याळ बघितलं.
साडेपाच झाले ना? मग सुरू करू.

राखीव रांगेत बसलो तिघं.
गोरोबानं टोपी काढून मांडीवर घेतली.

विषय : सह्याद्रीच्या कातळावरील शैवाक.
टाइप करताना वाटलं होतं, शेवाळ म्हणायचं असेल,
दुरुस्त करता करता राहिले.
त्यांनी खोक्यातून एक दगड काढून दिव्याखाली धरला.
करडा, कडेला कुरळे पापुद्रे.
अगं बाई, हे तर दगडफूल!
मी बोलले ते माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत गेलं.
काळ्या मसाल्यात घालतो आम्ही,
तेलात परतून, सगळ्यात शेवटी,
नाहीतर करपतं.

डॉक्टर इतके खूश झाले
की चष्मा पुसून तोच मुद्दा त्यांनी पुन्हा सांगितला.
एक बुरशी, एक शेवाळ.
एक घर धरते, दुसरं रांधतं.
दोघांत मिळून एक नाव.
तौफिक म्हणाला, भागीतल्या रिक्षासारखं,
दिवसा एक चालवणार, रात्री दुसरा.
हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

वाढ वर्षाला नखाच्या जाडीएवढी, ते म्हणाले,
आणि बाहेर चतुःशृंगीकडून येणारी वाहनं
हॉर्न वाजवत राहिली.

शेवटी, रिवाजाप्रमाणे : काही प्रश्न?
गोरोबानं हात वर केला. उभा राहिला.
सर, दगडाला याचा त्रास होत असेल?
डॉक्टर बराच वेळ गप्प.
होतो. फार सावकाश.
दगडाची माती होते त्यानं.
मग बरंय, म्हणाला गोरोबा, आणि बसला.

शाल-श्रीफळ सत्तावीसच्या नावावर कपाटात,
चावी साहेबांकडे.
आम्ही कॅन्टीनला चहा पाजला, क्रीमरोल दिला.
क्रीमरोल त्यांनी रुमालात बांधून प्रवासाला ठेवला.

सत्तावीसला चाळीसएक माणसं आली.
मी दारात. व्याख्यान झालं हो, मागच्या बुधवारी.
एक काका भडकले, कोथरूडहून दोन बस बदलून आलोय,
झालं म्हणजे काय झालं?
सांगा तरी.

मी आधी गोरोबाकडे बघितलं.
मग पायरीवरच उभी राहून सुरू केलं,
एक बुरशी असते, एक शेवाळ…
मागच्यांना ऐकू येईना तेव्हा तौफिकनं
न विचारता माइक आणून दिला.

मेमो आला तो फाइलला लावलाय.
एप्रिलचा कागद मी तीनदा तपासला.
आज सकाळी गोरोबा राउंडवरून आला,
तापकीर मॅडम, मागच्या कुंपणाच्या दगडावरचं
वाढलंय बरं का.
तीन आठवड्यांत कसं वाढेल, म्हटलं.
पण पेन खाली ठेवलं
आणि गेले बघायला.